कोलाडची लाट मुळशीतून येते

सकाळी आठच्या सुमाराला रायगड जिल्ह्यातल्या कोलाडकडे, साजे गावाजवळ कुंडलिका नदीच्या काठावर उभं राहिलं की पहिल्यांदा आलेल्याची निराशाच होते. पात्रात काळे धोंडे उघडे पडलेले, त्यांच्यामधून वाट काढणारं जेमतेम घोटाभर पाणी. काठावर फुगवलेल्या राफ्ट, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून तयार झालेली मंडळी आणि चहाचे कागदी कप. गाईड मात्र गप्पांत नसतो. तो पाण्याजवळच्या एखाद्या धोंड्याकडे बघत असतो. थोड्या वेळाने धोंड्याच्या बुडाशी ओला पट्टा उमटतो, बोटभर वर सरकतो, मग वीतभर. "पाणी आलं," एवढंच तो म्हणतो आणि राफ्टच्या दोराला हात घालतो. बघता बघता धोंडा दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी पांढरा फेस उसळायला लागतो.

पाऊस पडलेला नसतो. मे महिन्यातही हे असंच घडतं. हे पाणी वरच्या वीजघरांतून येतं. मुंबईसाठी वीज तयार करून ते नदीत उतरतं आणि पुढचे दोन-तीन तास कुंडलिकेला हिमालयातल्या नदीची ऐट आणतं. रिसॉर्टच्या जाहिरातींत 'निसर्गाच्या कुशीतला थरार' वगैरे लिहिलेलं असतं. त्यातला थरार खरा आहे, पण कूस वीजकेंद्राची आहे.

शिवाय हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. ते मुळशी धरणात अडवलेल्या मुळा नदीचं. वळवलं नसतं तर ते पुण्यात मुठेला भेटलं असतं, भीमेत गेलं असतं, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेतलं असतं आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. आज ते रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात जातं. राफ्टिंगची गोष्ट सांगायची तर या वळणापासूनच सुरुवात करावी लागते.

सह्याद्रीची पूर्वेकडची बाजू उताराची आणि पश्चिमेकडची कड्याची. पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो आणि बहुतेक पाणी पूर्वेला वाहून जातं. ते पूर्वेकडेच अडवायचं, डोंगरातून बोगदा काढून कड्यापर्यंत आणायचं आणि लोखंडी नळांतून कोकणात सोडायचं, अशी टाटांची योजना होती. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत आणि कोळसा लांबून येई. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ मध्ये भिवपुरीचं, आणि मग मुळशीच्या पाण्यावरचं, कड्याखालच्या भिरा गावचं, १९२७ मध्ये. मुळशीचं पाणी भिऱ्यात सुमारे ५०० मीटर खाली उतरतं. अभियंत्याला मोह पडावा अशीच ही जागा.

फक्त त्या जागेवर माणसं राहत होती.

मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं धरणाच्या पाण्यात आणि त्याच्या फटक्यात येणार होती. भाताची खाचरं, देवळं, मसणवट्या, सगळंच. कंपनीची माणसं मालकाला न विचारता शेतात चर खणायला लागली तेव्हा गावकऱ्यांना कळलं की निर्णय आधीच झालेला आहे. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. बायका, म्हातारे, पोरं कामाच्या जागेवर जाऊन बसली. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे. पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आलेला हा पारनेरचा माणूस मुळशीत निःशस्त्र लोकांच्या पुढे उभा राहिला आणि 'सेनापती' ही पदवी त्याला इथेच मिळाली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने राबले. जगातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांत मुळशीची गणना होते. सरदार सरोवराच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला हे बऱ्याच उशिरा कळलं.

लढा का मोडला, याचं उत्तर फक्त लाठ्या आणि तुरुंग एवढंच नाही. मावळातल्या कितीतरी जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. मोबदल्याचा आकडा वाढला तसे सावकार तडजोडीला तयार झाले. ज्याचं नाव कागदावर होतं त्याने पैसे घेतले आणि नांगर ज्याच्या हातात होता तो उघडा पडला. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या दिमतीला दिलेलाच होता. १९२४ च्या अखेरीला बापटांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. तीन वर्षांनी भिऱ्याची यंत्रं फिरायला लागली.

खाली कोकणात याचा जो परिणाम झाला तो कुणाच्या हिशेबात नसावा. कोकणातल्या बहुतेक नद्या शिमग्यापर्यंत डबक्यांवर येतात. कुंडलिका मात्र बारमाही झाली. पुढे शासनाने भिऱ्यातून सुटणारं पाणी पुन्हा अडवून रवाळजे परिसरात आणखी वीज काढायला सुरुवात केली. त्याही खाली डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले आणि रोहा-माणगावकडे उन्हाळी भात उभं राहिलं. रोह्याच्या कारखान्यांनाही हेच पाणी. भिऱ्याला एक यंत्र असंही आहे की विजेची मागणी कमी असताना ते खालचं पाणी उलटं वर मुळशीत चढवू शकतं. कुठल्या पाण्याने हा कडा किती वेळा उतरला, हे मग पाण्यालाच ठाऊक.

या सगळ्या मागणीदारांच्या रांगेत सर्वांत शेवटी आले राफ्टवाले. रबरी होडीचा इतिहास एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातो, पण हौशी लोकांच्या हातात ती पडली दुसऱ्या महायुद्धानंतर, लष्कराचा उरलेला माल अमेरिकेत स्वस्तात विकायला निघाला तेव्हा. आपल्याकडे १९८० च्या दशकात ऋषिकेशच्या गंगेवर हा धंदा उभा राहिला. तिथल्या खळाळांना 'रोलर कोस्टर', 'गोल्फ कोर्स' अशी नावं पडली ती अजून टिकून आहेत. मराठी माणसाला राफ्टिंग म्हणजे दोन दिवसांचा रेल्वेप्रवास, हे समीकरण मोडलं ते या शतकाच्या पहिल्या दशकात, कोलाडमुळे. मुंबईहून सव्वाशे किलोमीटरच्या आत, पुण्याहून ताम्हिणी घाट उतरला की पोचलोच. साजेपासून कामतपर्यंतचा बारा-तेरा किलोमीटरचा टप्पा, खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे. सहा श्रेणींच्या मोजपट्टीवर हे नवख्याला घाबरवायला पुरेसं आणि बुडवायला अपुरं. अर्थात जॅकेट नीट बांधलेलं असेल तर.

सुरुवातीचे गाईड बरेचसे उत्तराखंड आणि नेपाळकडचे. म्हणून हुकूम अजून 'फॉरवर्ड', 'बॅक', 'गेट डाउन' असेच. आता साजे-रवाळजेकडची पोरंही वल्ही मारतात आणि खळाळ संपला की मराठीत टोमणे देतात. माझ्या राफ्टमधल्या अशाच एका पोराने, वल्हं नुसतं हवेत फिरवणाऱ्या आमच्यातल्या एकाला विचारलं, "काका, वारा घालताय का नदीला?" काका पुढचा तासभर इमानाने वल्हवत होते.

धंद्याचं वेळापत्रक राफ्टवाल्यांच्या हातात नाही. पाणी सकाळी सुटतं म्हणून राफ्टिंग सकाळी. दुपारी झोपून उठून जाऊ म्हणणाऱ्यांना नदी सापडते, पाणी सापडत नाही. यंत्र दुरुस्तीला असलं की त्या दिवशी आगाऊ पैसे भरलेल्यांची समजूत काढायची वेळ येते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या गॉली नदीवरही राफ्टिंग धरणाच्या पाण्यावरच चालतं, पण तिथे १९८६ मध्ये कायदाच झाला की शरद ऋतूत ठरावीक दिवस राफ्टसाठी पाणी सोडायचं. आपल्याकडे २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. त्याचा भर नोंदणी आणि सुरक्षेवर आहे, आणि ते गरजेचंच होतं. पण कुंडलिकेत किती पाणी कधी सोडायचं, हे विजेच्या आणि सिंचनाच्या गणितात ठरतं. राफ्टला त्यात मत नाही.

आणि हे गणितही कायमचं नाही. कृष्णा खोऱ्यातलं पाणी पश्चिमेला किती वळवावं यावर पाणीवाटप लवादाने मर्यादा घातलेली आहे. दुष्काळी वर्ष आलं की टाटांच्या धरणांतलं पाणी भीमेकडे परत सोडा, अशी मागणी पूर्वेकडून उठते. सोलापूरकडच्या शेतकऱ्याला ही मागणी अवाजवी वाटण्याचं काही कारण नाही. ती पूर्ण मान्य झाली तर साज्याचा तो धोंडा मे महिन्यात दिवसभर कोरडाच राहील.

पुण्याहून कोलाडला जाणाऱ्या गाड्या पौडमार्गे मुळशी धरणाच्या काठाने जातात. पाणी बराच वेळ रस्त्याची सोबत करतं. मक्याची कणसं भाजणाऱ्या टपऱ्या, सेल्फी, मग घाट. ताम्हिणी उतरून विळ्याला डावीकडचा माणगावचा रस्ता सोडायचा आणि सुतारवाडीमार्गे कोलाड गाठायचं. पहाटे ज्याच्या काठाने आलो तेच पाणी डोंगराच्या पोटातून आणि वीजघरांतून जाऊन आपल्यासाठी साज्याला थांबलेलं असतं, हे गाडीतल्या कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्या आजोबांनी पाण्याकडे बोट करून सहज सांगितलं, "आमचं जुनं घर तिकडं होतं. आज्याच्या टायमाला."