राउटर कुरकुरतोय: कार्बन गेला की आर्मेचर?

सुतारकामातला राउटर (घरातल्या इंटरनेटच्या डबीशी त्याचं फक्त नाव जुळतं) लाकडात खाच पाडतो, कडेला गोलाई देतो, नक्षी काढतो. हे सगळं तो ताकदीपेक्षा वेगाच्या जोरावर करतो. बऱ्याच राउटरांचा कमाल वेग मिनिटाला २४,००० फेऱ्यांच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला ४००. फिरणाऱ्या भागात मध्यापासून एक सेंटिमीटरवर एकच ग्रॅम वजन जास्त असलं, तरी या वेगाला ते दांड्याला सहा-साडेसहा किलोच्या ओढीनं बाहेर खेचतं. आणि ही ओढ सेकंदाला ४०० वेळा गरकन फिरते. पंखा थोडा डुगडुगला तर आपण वर्षभर ‘बघू नंतर’ म्हणतो. राउटरच्या बाबतीत तसं म्हणायची सोय नाही.

एवढा वेग साध्या इंडक्शन मोटरला झेपत नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर ती ३,००० फेऱ्यांच्या वर जात नाही. म्हणून राउटरमध्ये मिक्सर आणि ड्रिलच्याच जातीची युनिव्हर्सल मोटर बसवतात. तिच्यात बाहेरची स्थिर फील्ड कॉइल आणि आत फिरणारं आर्मेचर एकामागोमाग एक जोडलेली असतात. विजेची दिशा उलटली की दोन्हीकडची चुंबकीय दिशा एकदमच उलटते आणि फिरण्याची दिशा कायम राहते. अडचण असते ती फिरत्या आर्मेचरला वीज पोचवण्याची. त्यासाठी कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरच्या दांड्यावर बसवलेल्या गोल भागाच्या, तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बनचे दोन तुकडे स्प्रिंगनं दाबून ठेवलेले असतात. कार्बन मऊ असतो आणि तो झिजावा म्हणूनच तिथे असतो; तो झिजतो म्हणून तांबं टिकतं.

त्यामुळे मशीन मधेच बंद पडतं, थाप मारली की चालू होतं, मशीनचा जोर कमी पडतो, अशी तक्रार असली तर आधी प्लग काढून कार्बन पाहावेत. ते आखूड झाले असतील किंवा खुणेच्या रेषेपर्यंत झिजले असतील, तर जोडीनं बदलायचे. हे काम दहा मिनिटांचं आहे. वायर आणि स्विच यांचंही तसंच. वायर बहुधा हँडलपाशी, जिथे ती रोज वाकते तिथेच आतून तुटते, आणि स्विचमध्ये लाकडाचा भुसा जाऊन बसतो. या तीन गोष्टींसाठी राउटर टाकून देणं म्हणजे टायर पंक्चर झाला म्हणून सायकल विकणं.

पण कार्बन लवकर का झिजले, हा प्रश्न विचारायला हवा. मी एकदा तो विचारला नाही. काही महिन्यांत दोनदा कार्बन बदलले, तिसऱ्यांदा जोडी हातात घेतली तेव्हा कुठे कम्युटेटरकडे नीट पाहिलं, तर दोन पट्ट्या काळ्या पडून खरबरीत झाल्या होत्या. कार्बनखाली बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. त्याच ठिणग्यांचं नारिंगी कडं कम्युटेटरभोवती फिरू लागलं, की दुखणं आत आहे असं समजावं. कधी बेअरिंग ढिलं झाल्यामुळे कार्बन उड्या मारत असतो. कधी तांबं झिजून पट्ट्यांना एकमेकींपासून वेगळं ठेवणारा मधला अभ्रक वर आलेला असतो. आणि कधी आर्मेचरची एखादी कॉइल तुटलेली असते. मग प्रत्येक फेरीत त्याच पट्टीपाशी ठिणगी उडते आणि तीच पट्टी जळत जाते.

मल्टिमीटर असेल तर हे तपासता येतं. शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला रोध पूर्ण वर्तुळभर मोजत जायचं. आकडे साधारण सारखे यायला हवेत. एका जागी तो एकदम वाढला, तर कॉइल तुटली आहे. कुठलीही पट्टी आणि दांडा यांच्यात मात्र जोड मिळता कामा नये. कॉइलच्या तारेचे वेढे आपसांत शॉर्ट झालेले असले तर हे मीटर बऱ्याचदा फसतं, कारण मुळातच रोध फार कमी असतो. तिथे नाक जास्त कामाचं. शॉर्ट झालेला वेढा बदलत्या चुंबकीय क्षेत्रातलं बंद कडं बनतो, त्यात प्रचंड प्रवाह खेळतो आणि तारेवरचं वार्निश जळतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, असा विजेच्या यंत्रांसाठीचा ढोबळ नियम आहे. जळका वास एकदा येऊन गेला, मशीन मात्र ‘चालतंय’, यावर म्हणूनच फार विसंबू नये.

आर्मेचर गेलं की माझा कौल बहुतेक वेळा नव्या मशीनकडे जातो. रिवाइंडिंग, म्हणजे तारा नव्यानं गुंडाळणं, होतं, पण २४,००० फेऱ्यांवर ते टिकायला तारा रेझिननं घट्ट बांधाव्या लागतात आणि आर्मेचर पुन्हा बॅलन्स करावं लागतं. ते नीट झालं नाही तर वर सांगितलेला एक ग्रॅम आठवावा.

बेअरिंगची दुरुस्ती मला सर्वांत समाधानाची वाटते. प्लग काढून दांडा हातानं फिरवला आणि आत वाळू असल्यासारखं जाणवलं, किंवा चालताना किंचाळल्यासारखा आवाज आला, की ते बदलायला झालं. बाजूचा दाब खालच्या बेअरिंगवर जास्त येतो, म्हणून आधी तेच जातं. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर आयुष्य साधारण आठव्या हिश्श्यावर येतं; बोथट बिट (लाकूड कापणारं पातं) दाबून चालवण्याची किंमत अशी वसूल होते. बेअरिंगचा नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो आणि मापं जगभर ठरलेली असतात, त्यामुळे मूळ कंपनीचंच हवं असं नाही. एवढ्या वेगाला चालणारं मात्र हवं. काढताना पुलर (बेअरिंग ओढून काढायचं साधन) वापरावा, हातोडी नको. ज्या घरात बेअरिंग बसतं ते घर मोठं झालं असेल, बाहेरची कडी त्यात फिरत असेल, तर नवं बेअरिंगही तिथे ठरणार नाही. मग डाव संपला.

स्पीडचं चाक फिरवूनही राउटर पूर्ण वेगानंच धावतो, असं झालं तर बहुधा ट्रायक शॉर्ट झालेला असतो. हा घटक विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा काही भाग कापून वेग कमी करतो. त्याचं सर्किट वेगळं मिळत असेल तर बदलणं सोपं आहे. ते काढून थेट जोडणी करू नये. ५० मिलिमीटर व्यासाच्या बिटची धार २४,००० फेऱ्यांवर सेकंदाला ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरनं धावते. मोठ्या बिटसाठी कमी वेग हा शौक नाही.

आणि कॉलेट, म्हणजे बिट पकडणारी चिरलेली निमुळती नळी. बिट काम करता करता खाली सरकत असेल, त्याच्या दांड्यावर तपकिरी डाग पडत असतील, तर कॉलेट झिजली आहे. ती बदलायचीच वस्तू आहे. पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या कॉलेटमध्ये ६ मिलिमीटरचा बिट ‘बसतोय की’ म्हणून आवळणारे लोक मी पाहिले आहेत. मी अशा वेळी खोलीबाहेर जातो. पण नवी कॉलेट घालूनही बिट डुगडुगत असेल, तर दांड्याच्या तोंडाचा निमुळता भागच खराब झालेला असू शकतो. पुष्कळ राउटरांत तो आर्मेचरच्याच दांड्यात कोरलेला असतो. अशा वेळी मोटर ठणठणीत असली तरी मी ते मशीन चालवत नाही.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त गेला तर नवं घ्या, असं सर्रास सांगितलं जातं. मला तो हिशेब अर्धवट वाटतो. बेअरिंग दहा वर्षांनी गेलं असेल तर बाकीचे कोणते भाग त्याच वयाचे आहेत, आणि त्यांचे सुटे भाग अजून मिळतात का, हे त्या टक्केवारीत कुठेच येत नाही. कम्युटेटर गुळगुळीत, बेअरिंगचं घर घट्ट आणि दांड्याचं तोंड साफ असेल, तर जुन्या मशीनवर मी निर्धास्त खर्च करतो.

नवे कार्बन घातले असतील तर त्यांचं तोंड सपाट असतं आणि कम्युटेटर गोल. म्हणून लगेच लाकडाला लावायचं नाही. कमी वेगावर दहा-पंधरा मिनिटं रिकामं चालवायचं, ठिणग्या हळूहळू कमी होतात. मग प्लग काढून, दांडा थांबल्यावर, खालच्या बेअरिंगपाशी हात लावायचा. कोमट लागलं तर ठीक, हात ठेववत नसेल तर स्क्रू पुन्हा काढायचे.