बोलके पुस्तक

ग्रंथातील कथा अथवा वैचारिक विवेचन एखाद्या वाचकाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून श्रोत्याला सवडीने ऐकता यावे, अशा रूपात सिद्ध केलेली साहित्यकृती. श्राव्य पुस्तक व ऑडिओबुक ही तिची अन्य प्रचलित नावे होत.

या प्रकाराचा आरंभ केव्हापासून मानावा, याविषयी एकमत नाही. टॉमस आल्वा एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ, म्हणजे आवाज मुद्रित करून पुन्हा ऐकवणारे यंत्र, तयार केले आणि १८७८ मधील एका लेखात अंधांसाठी बोलकी पुस्तके हा त्याचा एक संभाव्य उपयोग सांगितला. म्हणून काही अभ्यासक आरंभ तेथवर मागे नेतात. त्याआधी, १८६० मध्ये, फ्रेंच संशोधक लेआँ स्कॉट द मार्तीनव्हील यांनी काजळी धरलेल्या कागदावर मानवी आवाज रेखाटला होता. परंतु तो पुन्हा ऐकवण्याची सोय त्यांच्या यंत्रात नव्हती व तो प्रथम २००८ मध्ये ऐकता आला, त्यामुळे त्याची गणना श्रवणाच्या इतिहासात करणे कठीण आहे. एडिसन यांची सूचनाही त्या काळी प्रत्यक्षात येणे शक्य नव्हते, कारण फोनोग्राफच्या आरंभीच्या नळकांड्यांवर जेमतेम काही मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे. सलग ग्रंथ ऐकता येणे ही कसोटी लावल्यास १९३० नंतरचे दशक हाच आरंभकाळ अधिक सयुक्तिक ठरतो. अमेरिकेत १९३१ च्या कायद्याने प्रौढ अंधांसाठी ग्रंथांची तरतूद झाली आणि १९३४ च्या सुमारास मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर ग्रंथ निघू लागले. ब्रिटनमध्ये अशी सेवा १९३५ मध्ये सुरू झाली. आधीच्या तबकड्यांच्या मानाने फेऱ्यांची गती मंदावल्यामुळे एका बाजूवर बराच अधिक मजकूर मावू लागला, तरीही एका कादंबरीस अनेक तबकड्या लागत. दृष्टिहीन वाचकांच्या गरजेतून घडलेले हे तंत्र पुढे सर्वांच्या उपयोगी पडले, ही गोष्ट आवर्जून नोंदवण्याजोगी आहे. १९६३ मध्ये आलेली कॅसेट व नंतरचे अंकीय (डिजिटल) ध्वनिमुद्रण यांनी प्रसार वाढवला.

या श्रवणाचा आनंद मुख्यतः निवेदकाच्या आवाजावर अवलंबून असतो. डोळ्यांनी वाचताना वाक्याचा वेग वाचक ठरवतो, तर येथे तो निवेदकाच्या हाती असल्याने एरवी नजरेखालून निसटणारी वर्णने पूर्ण ऐकली जातात. पात्रांच्या बोलण्यातील अडखळणे, संकोच व विराम कानी पडतात, आणि चेहरे व स्थळे मात्र श्रोत्याने कल्पायची राहतात. उत्तम निवेदक पात्रांची नक्कल न करता केवळ स्वराच्या सूक्ष्म फरकाने ती वेगळी करतो. वैचारिक ग्रंथात मागे वळून पाहणे वारंवार लागते, त्यामुळे तेथे छापील प्रत जवळ असणे उपयुक्त ठरते. आकलनाच्या बाबतीत श्रवण व वाचन समान आहेत की नाहीत, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष भिन्न आहेत. कथात्म मजकुरापुरता फरक अल्प असावा, असे दिसते.