आडातला एफपीएस, पोहऱ्यातले हर्ट्झ

"मॉनिटर १४४ हर्ट्झचा घेतला, तरी गेम अडखळतोच." गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांत ही तक्रार हमखास निघते. तिच्या बरोबर उलटीही निघते: "कोपऱ्यात दोनशे एफपीएस दिसतायत, पण डोळ्यांना काही फरकच कळत नाही." पहिल्याने पैसे मॉनिटरमध्ये घातले, दुसऱ्याने ग्राफिक्स कार्डमध्ये, आणि दोघांचीही निराशा झाली. हर्ट्झ आणि एफपीएस ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, असं दोघांनीही धरलं होतं.

असं वाटणं साहजिक आहे. दोन्ही आकडे 'सेकंदाला किती' एवढंच सांगतात, दोन्ही ६०, १२०, १४४ अशा त्याच त्या संख्यांभोवती घुटमळतात आणि जाहिरातीत मांडीला मांडी लावून बसतात. पण एक आकडा कॉम्प्युटरचा आहे आणि दुसरा मॉनिटरचा.

एफपीएस म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून सेकंदाला जितकी चित्रं, म्हणजे फ्रेम, तयार करतात तो आकडा. तो सतत खालीवर होतो. रिकाम्या बोळातून चालताना १३० असतो. धूर पसरला, समोरून पाच-सहा जण धावून आले, की त्याच गेममध्ये ७० वर येतो. हर्ट्झ म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा पडदा ताजा करतो तो आकडा, म्हणजेच रिफ्रेश रेट. साध्या मॉनिटरवर तो ठरलेला असतो. नवी फ्रेम आली असो वा नसो, १४४ हर्ट्झचा पडदा सेकंदाला १४४ वेळा ताजा होणारच. हाती नवीन काही नसेल तर जुनीच फ्रेम पुन्हा दाखवणार.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण जणू याच जोडीसाठी झाली आहे. कॉम्प्युटर हा आड, मॉनिटर हा पोहरा. आडात साठच खेपांपुरतं पाणी असेल, तर पोहरा १४४ वेळा सोडून हाती काही लागत नाही. आड तुडुंब भरलेला असला आणि पोहरा साठच खेपा करत असला, तर जास्तीचं पाणी आडातच राहतं. चित्र किती सफाईने हलताना दिसेल, हे या दोन आकड्यांतला लहान आकडा ठरवतो. म्हणून खिसा बेताचा असेल तेव्हा पहिला प्रश्न 'कुठला मॉनिटर' किंवा 'कुठलं कार्ड' हा नसतो. माझा लहान आकडा कोणता, हा असतो.

तो शोधायला काही विकत घ्यावं लागत नाही. एफपीएस दाखवायची सोय अनेक गेममध्येच असते, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या अ‍ॅपमध्येही आहे. ती चालू करा आणि नेहमीच्या गेमचा सगळ्यात गर्दीचा भाग अर्धा तास खेळा. सरासरीवर भुलू नका. सरासरी ९० असून मधेच आकडा ३५ वर कोसळत असेल, तर हाताला जाणवतो तो ३५. हार्डवेअरच्या परीक्षणांत सरासरीशेजारी 'एक टक्का लो' नावाचा आकडा असतो, तो हेच सांगतो: सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमच्या वेळी वेग किती होता. दोन कार्डांची सरासरी सारखी असेल तर मी डोळे झाकून ज्याचा हा आकडा वरचा ते निवडेन.

आता थोडं गणित, कारण इथेच बरेच पैसे वाचतात. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलीसेकंदांनी पडदा ताजा करतो. १४४ चा ६.९ मिलीसेकंदांनी, २४० चा ४.२ आणि ३६० चा २.८ मिलीसेकंदांनी. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात की दर फ्रेममागे जवळपास १० मिलीसेकंद सुटतात. १४४ वरून २४० वर गेलात तर २.८ आणि तिथून ३६० वर गेलात तर जेमतेम १.४. आकडे उड्या मारत वाढतात, फायदा मात्र आटत जातो. पहिली उडी कुणालाही दिसते. नुसता माउसचा बाण गोल फिरवला तरी कळते. पुढच्या उड्या स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी ठेवाव्यात. बेताच्या बजेटमध्ये १४४ ते १८० हर्ट्झच्या पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही खेळता काय, हेही आधी बघा. एल्डन रिंग हा गेम पीसीवर ६० एफपीएसच्या वर जातच नाही, तुमचं कार्ड कितीही तगडं असो. असेच गेम खेळायचे असतील तर जास्त हर्ट्झपेक्षा रंग आणि काळ्याची खोली बरी असलेला पॅनेल घेतलेला परवडला. याउलट व्हॅलोरंटसारखा हलका गेम साध्या कार्डावरही शंभरीपार पळतो, तिथे ६० हर्ट्झचा मॉनिटर म्हणजे आड भरलेला आणि पोहरा आळशी.

इथे एक बारीक मेख आहे. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर २०० एफपीएस अगदी वाया जातात असंही नाही. पडदा ताजा होण्याच्या क्षणी हाती आलेली फ्रेम जितकी नवी, तितकं तुमच्या क्लिकचं उत्तर लवकर दिसतं, म्हणजे इनपुट लॅग थोडा कमी होतो. फक्त हालचाल गुळगुळीत होत नाही, आणि वर एक खोड मागे लागते: टेअरिंग. पडदा वरून खाली रंगवला जात असताना मधेच नवी फ्रेम घुसते आणि चित्र आडवं फाटल्यासारखं दिसतं; वरचा अर्धा भाग एका क्षणाचा, खालचा दुसऱ्या.

यावरचा जुना उपाय व्ही-सिंक. तो कार्डाला सांगतो, पडदा पूर्ण रंगेपर्यंत थांब. फाटणं थांबतं, पण ६० हर्ट्झवर कार्ड ५५ च फ्रेम देत असेल तर काही फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात आणि चाल लंगडी होते. एक फ्रेम दाखवायची आणि एकच मागे तयार ठेवायची, अशा साध्या दोन-बफरच्या पद्धतीत तर थेट ३० वर आपटते. शिवाय थांबायचं म्हणजे उशीर आलाच.

खरा उपाय निघाला तो उलटा विचार करून: कार्डाने मॉनिटरसाठी थांबण्यापेक्षा मॉनिटरनेच कार्डाचा ठेका धरावा. ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१३ मध्ये असं करणारं जी-सिंक जाहीर केलं, पण त्यासाठी मॉनिटरच्या आत त्यांचं वेगळं मॉड्यूल लागायचं आणि किंमत चढायची. २०१४ मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक हा खुला पर्याय डिस्प्लेपोर्ट या मॉनिटरच्या जोडणीच्या मानकात आला, एनव्हिडियाची स्पर्धक एएमडीने त्यावर फ्रीसिंक उभं केलं आणि २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपली कार्डं अशा मॉनिटरवर चालू दिली. आज स्वस्त मॉनिटरमध्येही ही सोय असते. हिचा अर्थ असा की कार्डाने ८३ फ्रेम दिल्या तर पडदाही तेवढ्यापुरता ८३ हर्ट्झचा होतो. हर्ट्झ आणि एफपीएस हे दोन वेगळे आकडे खरोखर एक होतात ते फक्त इथेच.

म्हणूनच माझ्या लेखी बेताच्या बजेटमधली सगळ्यात मोलाची खूण हर्ट्झचा आकडा नाही, ही सोय आहे. तिचा पल्ला मात्र तपासा. ४८ ते १४४ असं लिहिलेलं असेल तर ४८ च्या खाली ती एकटी पुरत नाही. वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून जास्त असेल तर एकच फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटर निभावून नेऊ शकतो. ४८ ते ७५ असा आखूड पल्ला असेल तर ती युक्तीही चालत नाही. ज्याचं कार्ड हलकं, त्याला याची गरज जास्त. गंमत म्हणजे विकत घेताना हेच लोक ही ओळ वाचत नाहीत.

आता आडाकडे. एफपीएस कमी पडतोय हे कळलं, पण कमी पाडतंय कोण? गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या पिक्सेलची संख्या, एक पायरी खाली आणा. एफपीएस झपकन वाढला तर कार्ड थकलं होतं. जवळपास तेवढाच राहिला तर प्रोसेसर मागे पडतोय, आणि अशा वेळी नवं कार्ड घेणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे. प्रोसेसरला दोष देण्याआधी रॅम बघा. एकच पट्टी लावलेली असेल तर मेमरीची अर्धी वाट बंदच असते. तेवढ्याच क्षमतेच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दोन्ही वाटा उघडतात. ज्यांच्याकडे वेगळं कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागतंय, त्यांना हा फरक सगळ्यात जास्त दिसतो, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते.

रिझोल्यूशन हा मॉनिटरचा गुण, पण त्याचा भार कार्डाने उचलायचा असतो. १०८०पीमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीमध्ये ३६.९ लाख, फोर-केमध्ये ८२.९ लाख. फोर-केचा मॉनिटर आणला म्हणजे कार्डाला दर फ्रेमला चौपट पिक्सेल रंगवायला बसवलं. खाली उतरून १०८०पीवर खेळता येतं, पण पॅनेलचे पिक्सेल ठरलेले असल्याने चित्र मऊ पडतं. साध्या कार्डासोबत २४ इंची १०८०पी ही जोडी शहाणपणाची. तेच पिक्सेल २७ इंचांवर ताणले तर दर इंचाला साधारण ९२ चे ८२ होतात आणि जवळ बसून खेळताना अक्षरांच्या कडा खरखरीत दिसू लागतात. २७ इंच हवेच असतील तर १४४०पी घ्या आणि कार्डाचा खर्च त्या हिशेबाने धरा.

खोक्यावरचं '१ एमएस', म्हणजे एक मिलीसेकंद, हा तिसराच भिडू. तो ना हर्ट्झ, ना एफपीएस, ना इनपुट लॅग. एका पिक्सेलला रंग बदलायला लागणारा तो वेळ, आणि तोही बहुतेकदा सगळ्यात अनुकूल परिस्थितीत मोजलेला. व्हीए प्रकारच्या स्वस्त पॅनेलवर गडद दृश्यांत हालचालीमागे काळपट शेपूट राहते, ती या आकड्यातून कधीच कळत नाही.

अलीकडे 'फ्रेम जनरेशन' आल्यापासून घोळात आणखी भर पडली आहे. एनव्हिडियाने ते २०२२ मध्ये डीएलएसएस ३ या आपल्या तंत्रासोबत आणलं, एएमडीने २०२३ मध्ये एफएसआर ३ या आपल्या तंत्रातून. दोन खऱ्या फ्रेमच्या मधली एक फ्रेम अंदाजाने रचली जाते. कोपऱ्यातला आकडा फुगतो, हालचाल गुळगुळीत दिसते. पण मधली फ्रेम रचायला पुढची खरी फ्रेम रोखून धरावी लागते, त्यामुळे हाताला गेम जलद वाटत नाही. मूळ एफपीएस साठच्या आसपास असेल तर मजा येते. तीसचे साठ करायला गेलात तर पडद्यावर साठ आणि हातात तीस, नव्हे, त्याहूनही जड. कार्डाच्या जाहिरातीत आकडे वाचताना हे धरून मोजलेत की वगळून, ते आधी बघावं.

एवढं सगळं मी सांगतोय खरं, पण मी स्वतः पहिला १४४ हर्ट्झचा मॉनिटर पाच महिने ६० हर्ट्झवर चालवला होता. वर लोकांना 'काय फरक पडला म्हणून सांगू' असं ऐकवतही होतो. विंडोज नवा मॉनिटर अनेकदा ६० वरच ठेवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं आत जाऊन आकडा हाताने बदलावा लागतो. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल आणि पोर्ट बघा. जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीवर १०८०पीला अनेकदा १२० च्या पुढे जाता येत नाही, डिस्प्लेपोर्टने जोडलं की प्रश्न सुटतो. आणि केबलचं दुसरं टोक कुठे खोचलंय तेही एकदा वाकून बघा. ते मदरबोर्डच्या पोर्टात असेल, तर कार्डाची खरी ताकद पडद्यापर्यंत पोचतच नाही.

सगळं जुळलं की शेवटचं एक काम उरतं: एफपीएसला मर्यादा घालणं. १४४ च्या मॉनिटरवर १४० ला थांबवलं, की आकडा अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकच्या पल्ल्यातच राहतो आणि टेअरिंग परत येत नाही. कार्डही न दिसणाऱ्या फ्रेमसाठी घाम गाळत नाही, आणि पंख्याचा आवाज उतरलेला पहिल्याच संध्याकाळी ऐकू येतो.