संख्येचे अंकी व अक्षरी लेखन

पूर्ण संख्या अंकांत मांडणे, ती शब्दांत वाचणे आणि शब्दांत ऐकलेली संख्या पुन्हा अंकांत उतरवणे, या साऱ्याचा पाया स्थानिक किंमत हा आहे. अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते. ५५५ मधला पहिला पाच पाचशेचा, मधला पन्नासाचा आणि शेवटचा नुसता पाच. उजवीकडून डावीकडे एकक, दशक, शतक, हजार, दहा हजार, लाख, दहा लाख, कोटी अशी घरे दसपटीने वाढत जातात. जुन्या पिढीने हीच घरे ‘एकं, दहं, शतं, सहस्र’ अशी तालावर म्हणून पाठ केली. संस्कृत गणितपरंपरेत ही यादी अठराव्या घरापर्यंत, म्हणजे परार्धापर्यंत जाते.

मराठीत संख्या वाचण्याची रीत सोपी आहे. उजवीकडचे तीन अंक सोडून पहिला स्वल्पविराम द्यायचा आणि पुढे दोन-दोन अंकांवर देत जायचा. २०११ च्या जनगणनेतील गोव्याची लोकसंख्या घेऊ: १४५८५४५. स्वल्पविराम दिले की १४,५८,५४५ होते आणि डावीकडून वाचता येते: चौदा लाख, अठ्ठावन्न हजार, पाचशे पंचेचाळीस. लाखांची जोडी, हजारांची जोडी, एकटा शतकाचा अंक आणि शेवटची जोडी. प्रत्येक जोडी म्हणजे नव्व्याण्णवच्या आतली एखादी संख्या, आणि तिला मराठीत एकच शब्द आहे. त्यामुळे एक ते नव्व्याण्णव हे शब्द आणि शे, हजार, लाख, कोटी ही चार नावे येत असली की ९९,९९,९९,९९९ पर्यंतची कोणतीही संख्या वाचता येते. अपवाद नेमक्या शंभराचा. तिथे ‘एकशे’ चालत नाही, ‘शंभर’च म्हणावे लागते.

अवघड आहे ते नव्व्याण्णवच्या आत. लिहिताना दशक आधी आणि एकक नंतर येतो, बोलताना मात्र एकक आधी. २७ लिहिणारा हात दोनापासून निघतो, ‘सत्तावीस’ म्हणणारी जीभ सातापासून. म्हणून शिकाऊ मूल सत्तावीस ऐकून ७२ लिहिते. त्यात शब्दांची रूपेही बदलतात. एकट्या सहाचेच पाहा: सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, म्हणून एकोणसाठ म्हणजे ५९. कानाला मात्र त्यात एक आणि साठ ऐकू येतात आणि पाटीवर ६१ उमटते. ही एकोणची साखळी एकोणनव्वदपर्यंत नीट चालते आणि शेवटी ‘नव्व्याण्णव’पाशी तुटते.

ही अडचण ओळखून महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली गेली आणि मोठा वाद झाला. शिकण्याची पहिली पायरी म्हणून ‘वीस एक’ला विरोध करण्याचे कारण नाही, कारण त्यात अंकांचा क्रम आणि शब्दांचा क्रम एक होतो. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाव ‘एकवीस’च सांगितला जातो. पाठ केलेला शब्द सुटला तर मूल वर्गात हुशार आणि बाजारात मुके राहील.

गोव्यातील मुलाला इथे आणखी एक वळण घ्यावे लागते. घरी कोकणीत ते स, णव, धा, शंबर म्हणते. मराठी प्राथमिक शाळेत सहा, नऊ, दहा, शंभर शिकते, आणि पुढे इंग्रजी माध्यमात गेले की अंकांच्या आकृत्याही बदलतात. देवनागरी ४ हा इंग्रजी आठासारखा आणि देवनागरी १ हा इंग्रजी नवासारखा दिसतो, त्यामुळे पाचवीच्या वह्यांत बेरीज बरोबर आणि उत्तर चूक असे प्रकार सहज घडतात. गुण कापण्याआधी मुलाने कोणती आकृती मनात धरली होती हे शिक्षकाने विचारायला हवे.

पोर्तुगीज अमलातील कागद वाचणाऱ्याला तिसरीच पद्धत भेटते. पोर्तुगीजमध्ये एकवीसला ‘वीस आणि एक’ म्हणतात, दशक आधी. लाखाला स्वतंत्र शब्द नाही. हजाराला ‘मिल’, आणि लाखाला ‘शंभर मिल’. गट तीन-तीन अंकांचे पडतात आणि हजारांपाशी स्वल्पविरामाऐवजी टिंब येते, तर स्वल्पविराम दशांशासाठी राखलेला असतो. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. ते त्या पद्धतीने ३.७०२ असे लिहिले जाईल, आणि आजचा विद्यार्थी त्याला ‘तीन दशांश सात शून्य दोन’ म्हणेल. जुना दस्त वाचताना आधी टिंबाचा अर्थ ठरवावा, मग आकडा वाचावा. नाण्यांचा हिशेब आणखी निराळा होता. सोळा ‘टांगा’ नाण्यांची एक ‘रुपी’, म्हणजे तिथे दसपट लागूच नव्हती. १९५८-५९ मध्ये एस्कुदो हे पोर्तुगीज चलन आले. शंभर सेंताव्हूंचा एक एस्कुदो, आणि पैशांची मांडणी पुन्हा दशमान घरांत बसली.

शब्दांतून अंकांकडे येताना खरी परीक्षा शून्याची असते. बोलताना शून्य गळते, लिहिताना ते परत आणावे लागते. २०११ च्या त्याच जनगणनेत उत्तर गोव्याची लोकसंख्या ८,१८,००८ आहे, वाचायची ‘आठ लाख अठरा हजार आठ’. शब्दांत शतक नाही, दशक नाही, ऐकणाऱ्याला त्यांची चाहूलही लागत नाही. कान जेवढे ऐकतो तेवढेच हाताने लिहिले तर ८१८८ होते आणि आठ लाखांचा जिल्हा आठ हजारांवर येतो. दक्षिण गोव्याची ६,४०,५३७, म्हणजे सहा लाख चाळीस हजार पाचशे सदतीस, लिहिताना तितकी फसवत नाही. तिथले शून्य ‘चाळीस’ या शब्दातच सामावलेले आहे.

याच्या उलट चूकही तितकीच नेहमीची. चौथीच्या वर्गात बाई ‘पाच हजार सात’ सांगतात. मूल आधी पाच हजार लिहिते, ५०००, आणि त्याला सात चिकटवते: ५०००७. त्याने ऐकलेला एकही शब्द सोडलेला नाही. चूक एवढीच, की पाच हजारांतली तीन शून्ये म्हणजे पुढच्या अंकांसाठी रिकाम्या ठेवलेल्या जागा आहेत, हे त्याला कोणी दाखवलेले नाही. यावर फळ्यावर घरे आखण्याइतका चांगला उपाय नाही. ह, श, द, ए अशी चार घरे काढायची, ५ हा अंक हजाराच्या घरात, ७ हा एककाच्या घरात, आणि मग उरलेल्या दोन घरांत काय, हे मुलालाच विचारायचे. एकदा त्याने स्वतःच्या हाताने तिथे शून्य भरले की ते सहसा विसरत नाही. देवस्थानाच्या पावतीपुस्तकातही हाच धडा मिळतो. ‘अक्षरी रुपये एक हजार एक’ या देणगीच्या ओळीसमोर १,००१ लिहायचे असते, आणि मधली दोन शून्ये कोणीही बोलून दाखवलेली नसतात.

शून्य शब्दांत उच्चारणारी एक रीत आपल्याकडे होती, ती भूतसंख्येची. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, गगन किंवा ख म्हणजे शून्य. शब्द एककापासून डावीकडे मांडत जायचे. ‘वेद-गगन-चंद्र’ म्हणजे १०४. श्लोकात आकडा बिनचूक बसवण्यासाठी ही रीत उत्तम होती, कारण तिच्यात प्रत्येक घराला शब्द मिळतो. रोजच्या बोलण्याने तो काटेकोरपणा सोडला आणि त्याबदल्यात वेग घेतला.

त्या वेगाचे सुंदर रूप म्हणजे सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे. सव्वाशे १२५, दीड हजार १,५००, पावणेतीन हजार २,७५०, सव्वा लाख १,२५,०००. इथे शब्दामागचे घर पाहून गुणावे लागते. दीडशे आणि दीड लाख यांत ‘दीड’ तोच, किंमत हजारपट. तोंडी व्यवहारात हे शब्द चोख चालतात. चेक, पावती, करारनामा अशा कागदांवर मात्र पूर्ण अक्षरी रक्कमच लिहावी.

कागदावर अंक आणि अक्षर दोन्ही मागितले जातात, कारण अंक बदलणे सोपे असते. परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट), १८८१ च्या कलम १८ नुसार चेकवर अंकी आणि अक्षरी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरली जाते. प्रत्यक्षात असा चेक बँक बहुधा परत पाठवते. ‘सात हजार’च्या डावीकडे मोकळी जागा राहिली तर तिथे ‘एक लाख’ बसू शकते, उजवीकडे राहिली तर ‘पाचशे’. म्हणून अक्षरी रक्कम छापील ‘रुपये’ला अगदी चिकटून सुरू करतात, शेवटी ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितात आणि उरलेल्या जागेवर आडवी रेघ ओढतात.