सोलापूरच्या उन्हात टिकंल असं ड्रोनचं मॉनिटरिंग स्टेशन

एप्रिलमध्ये सांगोल्याच्या बाजूला एका डाळिंबाच्या बागेवर ड्रोन उडवत होतो, दुपारचे साडेबारा, आणि लॅपटॉप बाईकच्या सीटवर ठेवलेला. बॅटरी उतरल्याची लाल पट्टी कधी आली ते मला कळलंच नाही, कारण स्क्रीनवर फक्त माझा पांढरा शर्ट दिसत होता. रिटर्न टू होम, म्हणजे बॅटरी उतरली की आपोआप परत यायची सोय, सेट केलं होतं म्हणून ड्रोन आपला आपण मागं फिरला आणि बांधाच्या कडेला कसाबसा टेकला. त्याच दिवशी ठरवलं की ड्रोनवर अजून पैसे घालायच्या आधी खालची सोय नीट करायची, म्हणजे एका पेटीत बसणारं, उचलून शेतात नेता येईल असं मॉनिटरिंग स्टेशन.

हे स्टेशन म्हणजे काय, तर वर उडणारा ड्रोन आपली उंची, वेग, बॅटरीचं व्होल्टेज, किती सॅटेलाइट सापडलेत ही सगळी माहिती सारखी रेडिओनं खाली पाठवत असतो, त्याला टेलिमेट्री म्हणतात, ती पकडून दाखवणारी जागा. छोटा कॉम्प्युटर, स्क्रीन, रेडिओ, अँटेना, बॅटरी. मिशन प्लॅनर किंवा क्यूग्राउंडकंट्रोल ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यामुळं तिथं काही अडत नाही. अडतं ते ऊन, धूळ आणि उसात.

पहिल्यांदा शर्टाचं बघू. साध्या लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड असतो अडीचशे ते तीनशे निट्स (निट म्हणजे एखादी गोष्ट किती उजळ दिसते ते मोजायचं माप). भर दुपारी उन्हाचा उजेड जवळपास १ लाख लक्स असतो (लक्स म्हणजे वरून पडणाऱ्या उजेडाचं माप), त्यात पांढरा शर्ट चमकतो साधारण २५ हजार निट्सनं, आणि चकचकीत काच त्यातला ४ टक्के उजेड जरी परत फेकत असली तरी झाले १००० निट्स. म्हणजे स्क्रीनपेक्षा शर्टाचं प्रतिबिंब तिप्पट उजळ, मग आकडे दिसणार कसे? हजार निट्सची स्क्रीन मिळते पण महाग पडते आणि करंटही खाते. मी साधी मॅट स्क्रीन घेतली, तिच्यावर तिन्ही बाजूंनी खोल हुड केला, बाहेरून पांढरा, आतून काळा, आणि फील्डवर गडद शर्ट घालायला लागलो. शिवाय सॉफ्टवेअरमध्ये आवाजी सूचना चालू करून छोटा स्पीकर पेटीच्या बाहेर काढला. बॅटरी उतरली की ते बोलून सांगतं. हे आधीच करायला पाहिजे होतं.

खरा शत्रू मात्र गरमी. इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ म्हणजे नेहमीचंच. मला वाटायचं की पेटी आतल्या कॉम्प्युटरमुळं तापते, म्हणून एकाचे दोन फॅन केले, फरक काहीच नाही. मग कागदावर हिशोब मांडला. आतलं सगळं मिळून ४५ वॅट खातं. पेटीचं झाकण ५० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे ०.२ चौरस मीटर, आणि दुपारचं ऊन एका चौरस मीटरवर जवळजवळ १००० वॅट ओततं, म्हणजे नुसत्या झाकणावर २०० वॅट, आणि माझी पेटी काळी असल्यामुळं त्यातलं बहुतेक सगळं ती गिळत होती. कॉम्प्युटरच्या चौपट गरमी वरून येत होती आणि मी आतून फॅन फिरवत बसलो होतो! बागेच्या मालकांना हे बघताक्षणी कळलं होतं, ते म्हणाले होते, "दादा, ते खोकं उन्हात कशाला ठेवलंय, आतलं शिजंल की." आता पेटीला पांढरा रंग आहे आणि चार काठ्यांवर तिच्यावर घरची जुनी सोलापुरी चादर ताणून बांधतो, पेटीला न टेकता, मधून वारा खेळता राहील अशी. चादर जाड आणि वजनदार, वाऱ्यानं फडफडत नाही, ऊन आरपार येत नाही. एवढ्यानं जे झालं ते दोन फॅननं झालं नव्हतं.

फॅन एकच ठेवलाय, पण तो बाहेरची हवा फोमच्या फिल्टरमधून आत ढकलतो. आतली हवा बाहेर ओढणारा फॅन लावला की पेटीच्या प्रत्येक फटीतून धूळ आत येते. आत ढकलणारा लावला की आत थोडा जास्त दाब राहतो, फटींमधून हवा बाहेरच जाते, आणि धूळ फक्त फिल्टरवर साचते, तो संध्याकाळी झटकायचा. काळ्या रानात कल्टिव्हेटर चाललेला असताना याची किंमत कळते.

करंटसाठी १२.८ व्होल्ट २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे २५६ वॅट-अवर, त्यातले ८० टक्के वापरायचे धरले तरी ४५ वॅटवर साडेचार तास निघतात. इन्व्हर्टर घालू नका, डीसीचा एसी आणि परत एसीचा डीसी करण्यात फुकटची बॅटरी जाते आणि गरमी वाढते ती वेगळीच, सरळ डीसी कन्व्हर्टर लावा.

आता ऊस. रेडिओला नजरेसमोर ड्रोन दिसला म्हणजे झालं असं नसतं, खालची अँटेना आणि ड्रोन यांच्यामधल्या सरळ रेषेभोवती फुगीर काकडीच्या आकाराची मोकळी जागा लागते, तिला फ्रेस्नेल झोन म्हणतात. आपल्याकडं टेलिमेट्रीसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो, ९१५ मेगाहर्ट्झवाला परदेशी रेडिओ इथं चालवायचा नाही. या पट्ट्यात १ किलोमीटर अंतरावर त्या काकडीची मधली त्रिज्या सव्वानऊ मीटर भरते. अँटेना पेटीवरच ठेवली आणि समोर दहा-बारा फूट ऊस असला, तर काकडीचा खालचा भाग उसात शिरतो, आणि उसाच्या पानात पाणी भरलेलं असतं, ते सिग्नल पिऊन टाकतं. म्हणून रंगारी लोक वापरतात तसला लांब पाईप घेऊन अँटेना वर चढवली, पेटी खाली सावलीत. अँटेना उभीच ठेवायची, ड्रोनकडं टोक करायचं नाही, कारण साध्या काडी अँटेनाच्या टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो. भलेभले इथं चुकतात.

वारा मोजायचं यंत्रही लावलंय, पण ते खालचा वारा मोजतं, त्याच्या आकड्यावर विसंबू नका. मोकळ्या रानात २ मीटरवर ५ मीटर प्रति सेकंद वारा असला तर ६० मीटरवर तो ८ च्या आसपास असतो. आणि ४३ डिग्रीला, आपल्या साडेचारशे मीटर उंचीवर, हवा समुद्रकाठच्या १५ डिग्रीच्या हवेपेक्षा १३-१४ टक्के विरळ असते, ड्रोनच्या पंख्यांना तेवढंच वजन पेलायला ७-८ टक्के जास्त ताकद लागते. कंपनीनं सांगितलेली उडायची मिनिटं इथं मिळत नाहीत ती म्हणून.

नियमाचं एक सांगतो, २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा, कुठं उडवता येतं ते दाखवणारा नकाशा बघायचाच, आपलं विमानतळ शहराला लागूनच आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडं तर परवानगीशिवाय फिरकायचंच नाही. आणि उडवणाऱ्यानं नजर ड्रोनवरच ठेवायची, स्क्रीन दुसऱ्या माणसानं बघायची. पेटी त्या दुसऱ्या माणसासाठी असते.

परवा परत त्याच बागेत गेलो, डाळिंबाचा आंबे बहार (हिवाळा संपताना फुलतो तो) धरलेला, फळं लिंबाएवढी. चादरीखाली मालकच स्क्रीनसमोर बसले होते. ड्रोन तिसऱ्या फेरीला असताना त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं, मधली आठ-दहा झाडं बाकीच्यांपेक्षा फिकट दिसत होती. "थांबवा इथंच," म्हणाले, चप्पल घातली आणि गेले. थोड्या वेळानं ड्रिपच्या लॅटरलचा, म्हणजे झाडांना पाणी देणाऱ्या बारीक नळीचा, हातभर तुकडा घेऊन आले, खारीनं दोन ठिकाणी कुरतडलेला.