आरएच रक्तगट विसंगती

आरएच हे तांबड्या पेशींवरचे एक प्रथिन; ते असले की रक्तगट पॉझिटिव्ह, नसले की निगेटिव्ह. गर्भवतीचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा, वडिलांच्या वारशाने, पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होऊ शकतात. भारतात निगेटिव्ह गटाचे लोक सुमारे ५ टक्के, तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १५ टक्के आहेत.

पहिले बाळ बहुधा सुखरूप असते, कारण बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळते ते मुख्यतः बाळंतपणात. धोका पुढच्या खेपेला. तेव्हा प्रतिपिंडे वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भाच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. त्यातून रक्तक्षय होतो, अंगभर सूज येते, बाळ पोटातही दगावू शकते. जन्मलेच तर तीव्र काविळीतले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य मेंदूत शिरून कायमचे अपंगत्व येण्याची भीती असते. एकामागून एक मुले गमावणाऱ्या बाईला एकेकाळी यामागचे कारण सांगणारे कुणी नव्हते.

ते उलगडले १९३९-४० मध्ये, फिलिप लेव्हाइन, कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांच्या कामातून. १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या विल्यम लायली यांनी गर्भातल्या बाळालाच रक्त देऊन दाखवले. प्रतिबंधाचा मार्ग न्यूयॉर्क आणि लिव्हरपूल येथील संशोधकांनी शोधला. आईच्या शरीरात ही प्रतिपिंडे तयारच होऊ न देणारे अँटी-डी हे इंजेक्शन १९६८ पासून अमेरिकेत वापरात आले. ते दात्यांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडांपासूनच बनते. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी हजाराहून अधिक वेळा रक्तद्रव दिला.

निगेटिव्ह गर्भवतीची प्रतिपिंडांसाठी इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणी करतात. तीत प्रतिपिंडे न आढळल्यास साधारण २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी देतात. नेहमीची मात्रा ३०० मायक्रोग्रॅम. गर्भपात किंवा पोटाला मार बसल्यानंतरही त्याची गरज पडू शकते, आणि नेमके तेच सांगायचे राहून जाते. मात्र १२ आठवड्यांपूर्वीच्या गर्भपातात जागतिक आरोग्य संघटना ते आवश्यक मानत नाही. प्रतिपिंडे एकदा तयार झाली की इंजेक्शनाचा उपयोग नाही. म्हणून रक्तगट पहिल्याच भेटीत तपासायला हवा.

आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचे असल्यासही कावीळ होऊ शकते, पहिल्या बाळालासुद्धा. ती सहसा सौम्य असते व प्रकाशोपचाराने उतरते. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला की मूल सदोष होते, या समजुतीला काहीही आधार नाही.