क्वोटिडियन आणि मंडेन: दोन्ही 'रोजचं', मग फरक काय?

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी शब्दांच्या लिस्टमध्ये क्वोटिडियन (quotidian) आणि मंडेन (mundane) हे दोघं एकाच ओळीत असतात, अर्थ 'रोजचं, सामान्य', आणि पोरं तसंच पाठ करून मोकळी होतात. ऑप्शनवर टिक करायला तेवढं पुरतं, पण स्वतः वाक्य करायला बसलात की गडबड होते.

क्वोटिडियन म्हणजे रोज होणारं, बस. लॅटिनमध्ये क्वोटिडिए म्हणजे दररोज, तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत तो तापाला लावायचे. रोज भरणारा ताप क्वोटिडियन, एक दिवसाआडचा टर्शियन, दोन दिवस सोडून येणारा क्वार्टन. (टर्शियन म्हणजे खरं तर तिसरा, पण रोमन लोक ताप आलेला पहिला दिवसपण मोजायचे, म्हणून तो आपल्या हिशोबात एक दिवसाआड.) आपल्याकडे पावसाळ्यात कुणाला हिवताप भरला की म्हातारी माणसं पहिलं हेच विचारतात, रोज येता की दिवस सोडून? आता थंडी वाजून दात कडकडतायत त्या तापाला बोअरिंग कोण म्हणेल, म्हणजे या शब्दात मुळात कंटाळा नाहीच, नुसती वारंवारता आहे.

मंडेनचं तसं नाही. मुंडुस म्हणजे जग, त्यावरून मंडेन म्हणजे प्रपंचातलं, परमार्थातलं नव्हे, आणि पुढे घसरत घसरत तो रटाळ या अर्थावर येऊन बसला. मंडेन म्हटलं की बोलणाऱ्याने शेरा मारलाच समजा.

मालवणात होड्या किनाऱ्याला लागल्या की वाळूतच मासळीचा लिलाव सुरू होतो, बांगड्यांची टोपली मधे, भोवती कोंडाळं, आकडे चढतायत, कोणतरी मासा ताजा नाही म्हणून नाक मुरडतंय आणि विकणारी त्याला तिथेच गप्प करते. हे रोजचंच आहे, म्हणून क्वोटिडियन बिनधास्त म्हणा, मंडेन म्हटलात तर तुम्ही तिथे कधी उभेच राहिला नाहीत. मंडेन म्हणजे सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढून प्रत्येकीवर सही करत बसणं, आणि ते काय कोण रोज करत नाही, तरी मंडेनच! भांडी घासण्याला दोन्ही चालतील, मूडप्रमाणे.

वापरताना क्वोटिडियन शक्यतो नामाच्या आधी लावा, क्वोटिडियन लाईफ, क्वोटिडियन रूटीन वगैरे. 'माय जॉब इज सो मंडेन' सहज बोललं जातं, तिथे क्वोटिडियन घातला की अवघडल्यासारखं वाटतं. तसाही तो निबंधातला, पुस्तक परीक्षणातला शब्द, ऑफिसच्या मेलमध्ये एव्हरीडे किंवा डेली लिहा, उगाच शायनिंग नको. आणि बोलताना जोर 'टि' वर द्यायचा, मंडेनमध्ये 'डेन' वर.